काचा बंद, तरी धूर आत : गाडीतल्या हवेविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर नागपुरात सकाळ-संध्याकाळची हवा जड होते. जमिनीलगतचा थर थंड आणि त्याच्यावरचा ऊबदार, त्यामुळे वाहनांचा धूर वर जात नाही, रस्त्यावरच रेंगाळतो. या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय तोच आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ऑफिस सुटल्यावर बर्डीहून मानेवाड्याला परततो. सोबत तिघे सहकारी असतात. धूर नको म्हणून आतलीच हवा फिरवणारं एसीचं बटण सुरुवातीपासून दाबून ठेवतो. घरी पोचेपर्यंत डोकं जड होतं, जांभया येतात. बायको म्हणते, बटण बंद ठेवा. कोणाचं ऐकावं?
— वाचक, मानेवाडा

बटण योग्यच आहे. ते सबंध प्रवासभर दाबून ठेवणं चुकतं.

गाडीत बाहेरची हवा येते ती वायपरखालच्या जाळीतून. सिग्नलवर पुढच्या गाडीला खेटून उभे राहिलात की ही जाळी आणि पुढचा सायलेन्सर यांत जेमतेम दीड-दोन मीटर अंतर उरतं. म्हणजे ब्लोअर त्या गाडीचा धूर थेट तुमच्या तोंडावर आणून सोडतो. आतली हवा फिरवण्याचं बटण दाबलं की जाळीमागची झडप बंद होते आणि धुराचे कण मोठ्या प्रमाणात बाहेर राहतात. इथवर तुमचं बरोबर.

आता हिशेब बघा. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. लहान गाडीच्या केबिनमध्ये सुमारे ३,००० लिटर हवा मावते. चौघं असाल तर तासाला ७२ लिटर, म्हणजे गाडी पूर्ण हवाबंद धरली तर मिनिटाला जवळपास ४०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांमागे ४०० भागांची) भर. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सव्वाचारशेच्या आसपास असतं. पाच-सहा मिनिटांत ते अडीच हजारांवर जाईल. प्रत्यक्षात गाडी थोडी गळतेच, म्हणून आठ-दहा मिनिटं धरा. एवढ्या प्रमाणाने विषबाधा होत नाही, पण डोकं जड होणं, जांभया, लक्ष उडणं हे होतं, आणि मेडिकल चौकातल्या गर्दीत लक्ष उडून चालत नाही.

म्हणून चौघं असताना बटण एका वेळी आठ-दहा मिनिटं चालू ठेवा. मग जिथे वाहतूक सुटसुटीत आहे तिथे दोन मिनिटं बंद, ब्लोअर तिसऱ्या पायरीवर. एकटे असाल तर वीस मिनिटं चालतील. बटण सिग्नलला थांबल्यावर दाबू नका, शंभरेक मीटर आधीच दाबा; एकदा आत आलेला धूर बटणाने बाहेर जात नाही, उलट तोच फिरत राहतो. तुमच्या वाटेवर बैद्यनाथ चौकाच्या आधी दाबा, मेडिकल चौक ओलांडून गाडी वेगात आली की सोडा, तुकडोजी पुतळ्याच्या आधी पुन्हा दाबा.

तीन गोष्टी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाहीत. ब्लोअर शून्यावर ठेवला म्हणजे हवा बंद झाली असं नाही. झडप उघडीच असते आणि चालत्या गाडीत वाऱ्याच्या दाबाने हवा येत राहते. दुसरं, पुढच्या काचेवरचं धुकं घालवणारी सोय चालू केली की बऱ्याच गाड्या आपणहून बाहेरच्या हवेवर जातात, आणि काहींमध्ये इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही तसंच होतं. बटणावरचा दिवा बघायची सवय ठेवा. तिसरं, झडप खरंच बंद होते का हे तपासून घ्या. इंजिन बंद, किल्ली ऑनवर, ब्लोअर पूर्ण वेगात. वाऱ्याचा झोत नसेल अशा जागी वायपरखालच्या जाळीवर पेटती उदबत्ती धरा. बाहेरच्या हवेवर धूर आत ओढला जाईल, बटण दाबल्यावर तो सरळ वर गेला पाहिजे. दोन्ही वेळा ओढला जात असेल तर झडपेची केबल सुटली आहे किंवा मोटर बिघडली आहे. उदबत्तीची राख जाळीत पडू देऊ नका, आणि तिथे कडुलिंबाचा पाला साचला असेल तर आधी तो काढा.

सगळ्यात स्वस्त उपाय अंतराचा. पुढच्या गाडीचे मागचे टायर जिथे रस्त्याला टेकतात ती जागा तुमच्या बॉनेटवरून दिसली पाहिजे. पुढे जुना डिझेल ट्रक किंवा काळा धूर ओकणारी बस असेल तर आणखी एका गाडीची जागा सोडा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

दर सर्व्हिसिंगच्या बिलात "एसी फिल्टर" लिहिलेला असतो. तो खरंच बदलतात का, आणि कार्बनवाला घ्यावा का? मेकॅनिक म्हणतो, धुऊन पुन्हा वापरता येतो.
— वाचक, त्रिमूर्तीनगर

धुऊ नका. हा घड्या घातलेला, न विणलेला कापडी कागद असतो. बारीक कण पकडण्यासाठी त्याच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तो पाण्याने जातो. मग वरवर स्वच्छ दिसणारा फिल्टर बारीक कण सोडून देतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तरी घड्या फाटतात.

बदलला का हे बघायला पाच मिनिटं लागतात. बहुतेक लहान गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो. बॉक्स रिकामा करा, दोन्ही कडा आत दाबून खाली झुलवा, बाजूला दोरीसारखा डॅम्पर असेल तर तो सोडवा. मागे क्लिपा असलेलं आडवं झाकण दिसेल, फिल्टर त्याच्या आत. काढताना बाण कोणत्या दिशेला होता ते बघून ठेवा. नवा उलटा बसला तर आधाराचा थर चुकीच्या बाजूला येतो. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांत जागा असते, फिल्टर दिलेलाच नसतो. झाकण उघडल्यावर रिकामी फट दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, माप बघून फिल्टर विकत घ्या.

मापाचा मुद्दा कार्बनपेक्षा मोठा आहे. बाजारात "सगळ्यांना बसतो" म्हणून मिळणारा फिल्टर कडेला चार-पाच मिलिमीटर मोकळा राहिला तर हवा त्या फटीतूनच जाते, कारण तिथे अडथळा कमी. कडेला फोमची पट्टी आहे का आणि फिल्टर हलक्या दाबाने बसतो का ते बघा.

कार्बनचा थर नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन आणि इंधनाची वाफ बऱ्यापैकी शोषतो, वास कमी करतो. रोज बर्डी, सेंट्रल एव्हेन्यू, कामठी रोड असा प्रवास असेल तर जास्तीचे पैसे वसूल होतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र तो अजिबात पकडत नाही. "हेपा" लिहिलेले फार घट्ट फिल्टर ज्या गाडीसाठी बनवलेले नाहीत तिच्यात घालू नका. हवेचा झोत कमी होतो, एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि मे महिन्यात नागपुरात तो प्रयोग नको.

कधी बदलायचा? पुस्तिकेत बहुधा १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. इथे ऑक्टोबरमध्ये बदला. पावसाळ्यात फिल्टर दमट होऊन कुबट वास धरतो आणि धुराचा मोसम त्यानंतरच सुरू होतो. हिंगणा, बुटीबोरी किंवा कोराडीकडे रोज जाणाऱ्यांनी मार्चमध्ये आणखी एकदा.

जुनी पेट्रोल गाडी आहे, सीएनजी किट बाहेरून बसवलं आहे. आजूबाजूला एकही वाहन नसताना, गाडी उभी असली की आत धुराचा वास येतो. सुगंधी डबी ठेवली तर जाणवत नाही. पीयूसी व्यवस्थित आहे.
— वाचक, कळमना

डबी आज काढा. जो वास तुम्हाला सावध करतोय तोच ती झाकते आहे. हा धूर रस्त्यावरचा नाही, तुमच्याच गाडीचा आहे, आणि त्यावर फिल्टर किंवा बटण कामाचं नाही. आतली हवा फिरवत ठेवली तर तो आणखी साचेल. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका. मेकॅनिककडे न्यायचीच असेल तर काचा उघड्या ठेवून.

धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्हाला येतो तो वास सोबतच्या इतर वायूंचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्यातला निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. गाडीत डोकं दुखतं, मळमळतं आणि उतरल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या रुग्णालयात जा आणि "गाडीत धूर येतो" हे आपणहून सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेत चांगला आकडा दाखवून फसवतं, रक्ताचीच तपासणी लागते.

पीयूसीने याचा उलगडा होत नाही. ती नळीच्या टोकाशी धूर मोजते. बीएस ४ (वाहनांच्या धुराचं सरकारी मानक) आणि त्यानंतरच्या मानकाच्या पेट्रोल गाडीला मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. मध्येच भोक असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाऊन टोकाशी प्रमाण कमीच दिसू शकतं.

गळती शोधायची ती उघड्यावर, गॅरेजचं शटर वर करून. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करा. बॉनेट उघडल्यावर टक्‌टक्‌ असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो विरत असेल, तर मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनमधला धूर गोळा करून नळीत सोडणाऱ्या भागाचं, पॅकिंग गेलं आहे. धातू तापून फुगतो, फट बुजते, म्हणून दुपारी दाखवायला नेलं की मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही. गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवा. पुढे खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन सगळे जोड थंड असतानाच साबणाचं पाणी मारावं, इंजिन सुरू करावं आणि जाड ओल्या कापडाने नळीचं तोंड काही सेकंद दाबून धरावं. इंजिन दबलं पाहिजे. फुसफुस आली किंवा बुडबुडे दिसले तर जागा सापडली. काजळीचा काळा फराटा हीदेखील खूण आहे. जास्त करून गळतात ते मॅनिफोल्डचं पॅकिंग, जाळीचा लवचीक पाइप आणि मफलरच्या आधीचा क्लॅम्प. मफलरच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी कंपनीनेच ठेवलेलं बारीक छिद्र असतं, ते वेल्डिंगने बुजवून घेऊ नका; आतून गंज चढेल.

पॅकिंग नवं टाकायचं. एम-सील किंवा साधी पेस्ट त्या तापमानाला टिकत नाही. जाळीचा पाइपही बदलायचा, त्यावर वेल्डिंगचा टाका फार दिवस राहत नाही.

एवढं करून अर्धं काम झालं. धूर केबिनमध्ये शिरतो कुठून? तुमच्या बाबतीत पहिला संशय किटवर. वायर आणि पाइप नेण्यासाठी इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडतात, रबरी ग्रोमेट कापतात आणि तसंच सोडतात. रात्री बॉनेटमध्ये टॉर्च लावा आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. उजेड दिसला तिथून हवाही येते. डिकीत सिलिंडरच्या पाइपचं भोक, स्टेपनीच्या खोबणीतली रबरी बुचं आणि मागच्या दिव्यांचं पॅकिंग तपासा. दारांच्या आणि डिकीच्या बीडिंगसाठी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सरकली तर तिथे रबर दबून निकामी झालं आहे. मागून ठोकर लागून बंपर बदललेला असेल तर त्यामागची हवा बाहेर सोडणारी एकतर्फी पापणी उघडी अडकली नाही ना, तेही. सायलेन्सरचं टोक बंपरच्या बाहेर आलं पाहिजे. आखूड कापलेली नळी धूर गाडीखालीच सोडते.

सडक्या कोबीसारखा वास असेल तर प्रश्न वेगळा. तो सीएनजीत मुद्दाम मिसळलेला वास, म्हणजे गॅसगळती. इंजिन बंद करा, दारं उघडा, सिलिंडरचा झडपदांडा बंद करा, कोणतंही बटण दाबू नका आणि अधिकृत फिटरला बोलवा. सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी दाब-चाचणी झाली आहे का, हेही त्याच भेटीत बघून घ्या.

दुरुस्तीनंतर खात्रीसाठी आकडा दाखवणारं कार्बन मोनॉक्साइड मीटर वापरता येतं. घरगुती अलार्मवर विसंबू नका: युरोपीय मानकाप्रमाणे बनलेला अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासाने वाजतो, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. रिकाम्या रस्त्यावर आकडा सतत १० च्या वर राहिला तर गळती शिल्लक आहे. मीटर उन्हात उभ्या गाडीत ठेवून जाऊ नका, सेन्सर खराब होतो.

मुलगी शाळेत व्हॅनने जाते. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. तिच्या युनिफॉर्मला धुराचा वास येतो. व्हॅनवाले काका चांगले आहेत, त्यांना काय सांगावं?
— एक आई, जरीपटका

ओम्नी, ईको अशा व्हॅनमध्ये इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये सीटखालचं झाकण तेवढं असतं. सारखी सीट उचलून त्याच्या कडेची रबर-फोमची पट्टी फाटते. ती बदलून झाकणाच्या क्लिपा घट्ट लागतात का बघायला सांगा. काम किरकोळ आहे. सोबत इंजिनच्या झाकणावरून निघणारा ब्रीदर पाइप तडकला असेल तर जळक्या ऑइलची वाफ सरळ वर येते, तोही बदलावा.

मोठी चूक मागे असते. दप्तरं मावत नाहीत म्हणून मागचं दार अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधतात. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथला धूर भोवऱ्यासारखा आत ओढला जातो. मागच्या बाकावरची मुलं तोच घेतात. दप्तरं टपावरच्या कॅरिअरवर, मागचं दार पूर्ण बंद, पुढच्या काचा खाली. पुढून आलेली हवा मागून येणाऱ्या धुराला रोखते.

आणि शाळेसमोर. सुटण्याच्या वेळी दहा-बारा व्हॅन एकामागे एक इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात, एकीचा सायलेन्सर दुसरीच्या तोंडाशी. हे एकट्या काकांना सांगून होणार नाही. पालकसभेत ठरवून घ्या की घंटा होईपर्यंत सगळ्यांची इंजिनं बंद.

सिगारेट लायटरच्या जागी लावायचं "एअर प्युरिफायर" घेतलं तर?
— वाचक, सदर

पंखा आणि फिल्टर नसलेलं, फक्त आयन सोडणारं यंत्र असेल तर पैसे वाचवा. काही यंत्रं ओझोन तयार करतात आणि तो स्वतःच फुप्फुसाला त्रासदायक आहे. हेपा फिल्टर आणि पंखा असलेलं घ्यायचं तर ताशी किती घनमीटर हवा शुद्ध होते हा आकडा विचारा. छोट्या यंत्राचा तो १० ते १५ असतो, गाडीच्या स्वतःच्या ब्लोअरचा शेकड्यांत. त्यामुळे ब्लोअरच्या वाटेवर मापाचा फिल्टर बसवणं केव्हाही जास्त फायद्याचं.

मी ऑटोने हिंगणा टी-पॉइंटला जाते. स्कार्फ घट्ट बांधते. पुरेसं आहे का?
— वाचक, गोकुळपेठ

स्कार्फ उन्हासाठी उत्तम, धूळही थोडी अडवतो. धुराचे कण त्याच्या विणीतून आरपार जातात. एन-९५ मास्क नाकाच्या पट्टीसकट नीट बसला तर ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. वायू नाही अडवत. स्कार्फ हवाच असेल तर मास्कवरून बांधा. ऑटोत रस्त्याच्या मध्याकडची बाजू टाळा, डावीकडे सरकून बसा. मेट्रो सोयीची असेल तर सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडची गाडी हिंगणा रोडनेच जाते.

वर्धा रोडने जाताना खालचा रस्ता बरा की उड्डाणपूल?
— वाचक, छत्रपती चौक

मध्ये वळायचं नसेल तर पूल. थांबून पुन्हा वेग घेताना इंजिन सर्वाधिक धूर सोडतं, आणि खालच्या रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला तेच घडतं. शिवाय डोक्यावर पूल असल्याने तिथला धूर निघून जायला वाव कमी. मनीषनगर आणि नरेंद्रनगरच्या रेल्वेखालच्या रस्त्यांतही उतरायच्या आधीच बटण दाबा, वर आलात की सोडा.

समृद्धीने मुंबईला जायचं आहे. इगतपुरीच्या लांब बोगद्यात काय करावं? आणि रात्री थांबून एसी लावून गाडीत झोपलं तर?
— वाचक, बेसा

बोगदा पावणेआठ किलोमीटरच्या आसपास आहे, नेमून दिलेल्या वेगाने पाच-सात मिनिटांत संपतो. तोंडाशी येण्याआधी आतल्या हवेवर जा, काचा वर, आणि बाहेर पडल्यावर दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या. चौघं असलात तरी एवढ्या वेळात काही बिघडत नाही.

इंजिन चालू ठेवून झोपू नका. उभ्या गाडीखाली धूर साचतो, वाऱ्याची दिशा फिरली की जाळीतून आत येतो, आणि झोपलेल्या माणसाला डोकेदुखीची सूचनाही मिळत नाही. बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा भिंतीला पाठ लावून उभ्या गाडीत तर मुळीच नाही. थांब्यावर गाडी सावलीत लावा, इंजिन बंद करा, समोरासमोरच्या दोन काचा तीन-चार बोटं खाली ठेवा. उन्हाळ्यात तेवढ्याने झोप लागणार नाही. मग निघण्याची वेळ पहाटे चारची ठरवा आणि दुपारी छत्रपती संभाजीनगरला खोली घ्या.